युद्धघोड्याची मिनिएचर: आधी घोडा घडवा, मग स्वार बसवा

टेबलावरच्या युद्धखेळासाठी मध्ययुगीन युरोपातील घोडदळाची तुकडी तयार करताना बहुतेकांचे लक्ष स्वाराच्या शिरस्त्राणावर, ढालीवर आणि भाल्याच्या निशाणावर खिळलेले असते. घोड्याला मात्र तपकिरी रंगाचा एक हात देऊन, त्यावर गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) फिरवून काम उरकले जाते. प्रत्यक्षात स्वारासह असलेल्या मिनिएचरचा, म्हणजे छोट्या प्रतिकृतीचा, निम्म्याहून अधिक पृष्ठभाग घोड्याचाच असतो आणि खेळाडू ज्या अंतरावरून टेबलाकडे पाहतो, त्या अंतरावरून आधी घोड्याची आकृती व त्याचा रंग नजरेत भरतो. म्हणून माझा आग्रह असा की घोडा हे स्वतंत्र आणि पहिले काम मानावे, तो पूर्ण झाल्यावरच स्वाराला हात लावावा. पुढील विवेचन २८ मिमी मापाच्या (उभा सैनिक साधारण तेवढा उंच) मिनिएचरना धरून आणि इ.स. १०६६ ते साधारण १४५० या काळातील पश्चिम युरोपीय घोडदळासाठी आहे. १५ मिमी किंवा १/७२ मापालाही हीच पद्धत लागू पडते, फक्त तेथे तपशील कमी करावे लागतात.

वर्ष ठरवल्याशिवाय खोके उघडू नये

मध्ययुग हा शब्द सैल आहे. एकाच टेबलावर १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईतला नॉर्मन घोडा आणि पंधराव्या शतकातला पत्र्याने मढवलेला घोडा शेजारी उभे राहिले, की जाणकाराला ते लगेच खटकते. म्हणून कोणती लढाई किंवा निदान कोणते दशक आपण उभे करणार आहोत, हे सर्वांत आधी निश्चित करावे. घोड्यावर काय चढवायचे आणि काय नाही, हे त्यावरून आपोआप ठरत जाते.

१०६६ च्या नॉर्मन घोड्यावर ना झूल असते ना पाखर, म्हणजे घोड्याचे चिलखत. उंच खोगीर, लांब रिकिबी, छातीवरून जाणारा पट्टा आणि लगाम एवढाच त्याचा साज. हेस्टिंग्जच्या मोहिमेची कथा सांगणाऱ्या बायोच्या प्रसिद्ध भरतकामात हे घोडे भरपूर दिसतात आणि खोगिराचा आकार, रिकिबींची लांबी, स्वाराचे ताठ पाय यांसाठी ते उत्तम साधन आहे. रंगांसाठी मात्र त्यावर विसंबू नये, कारण भरतकाम करणाऱ्यांनी हाताशी असलेल्या लोकरीच्या रंगांत काम केले आणि घोड्याचा पलीकडचा पाय वेगळा दिसावा म्हणून त्याला सरळ दुसराच रंग दिला.

बाराव्या शतकाच्या अखेरीपासून घोड्यावर कापडी झूल दिसू लागते आणि तेराव्या शतकात ती नाइटची, म्हणजे चिलखती घोडेस्वार योद्ध्याची, ओळखच बनते. ही झूल सहसा दोन भागांत असते: एक डोके, मान आणि छाती झाकणारा, दुसरा खोगिराच्या मागचा भाग झाकणारा. याच काळात झुलीखाली किंवा झुलीऐवजी साखळीच्या कड्यांची पाखरही येते, पण ती महाग असल्याने तुकडीतल्या प्रत्येक घोड्यावर असण्याचे कारण नाही. माझ्या मते तेराव्या शतकातील तुकडीत झूल घातलेले आणि उघडे असे दोन्ही प्रकारचे घोडे मिसळावेत. पुढच्या रांगेत झुली आणि मागे उघडे घोडे ठेवले, तर श्रीमंत सरदार आणि त्याचे साधे स्वार हा फरक न सांगता दिसतो.

चौदाव्या शतकात तोंडावरचा आणि छातीवरचा पत्रा वाढत जातो. १३५६ च्या प्वातिएच्या लढाईचे वर्णन येथे फार उपयोगी पडते. समकालीन इंग्रज बखरकार जेफ्री ल बेकर सांगतो, की फ्रेंच स्वारांच्या निवडक तुकडीतील घोडे समोरून चांगले संरक्षित होते आणि समोरून मारलेले बाण त्यांच्यावरून निसटत होते. तेव्हा इंग्रज तिरंदाजांना बाजूला हलवून घोड्यांच्या उघड्या पुठ्ठ्यांवर बाण मारायला लावले, आणि मग ती चढाई मोडली. म्हणजे त्या साली फ्रेंच घोड्याची छाती आणि तोंड मढवलेले, पण मागचा भाग उघडा, असे दाखवणे योग्य ठरते. संपूर्ण अंग झाकणारी पत्र्याची पाखर १४५० च्या सुमारास दिसते. ती १३४६ च्या क्रेसीच्या लढाईतील तुकडीला चढवू नये. १४१५ च्या अॅजिनकोर्टसाठी सैन्य करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तेथे फ्रेंचांचे बहुसंख्य नाइट पायउतार होऊन लढले, घोडेस्वार प्रामुख्याने बगलांवर होते. तेव्हा घोड्यांची खोकी मागवण्याआधी आपल्या सैन्यरचनेत त्यांची खरोखर किती गरज आहे, ते मोजून घ्यावे.

उंची आणि चाल

मध्ययुगीन युद्धघोडा म्हणजे गाडी ओढणारा अवाढव्य घोडा, हा समज अजूनही पक्का आहे आणि काही शिल्पकारही त्याला बळी पडतात. उत्खननात सापडलेली हाडे, खोगिरे आणि घोड्यांची चिलखते यांवरून दिसते ते असे, की चांगला युद्धघोडा साधारणपणे १४ ते १५ हँड, म्हणजे खांद्याच्या उंचवट्याशी सुमारे १४२ ते १५२ सेंटीमीटर उंच असे. तो बळकट बांध्याचा, आखूड पाठीचा, जाड मानेचा आणि बहुधा न खच्ची केलेला नर असे. आडदांड मात्र नव्हता. २८ मिमी मिनिएचरचे प्रमाण १/५६ धरले, तर ही उंची २५ ते २७ मिमी होते. ते पडताळण्याची सोपी युक्ती अशी: त्याच कंपनीचा पायदळाचा एक सैनिक, तळपट्टीची जाडी सोडून, घोड्याशेजारी उभा करावा. घोड्याच्या खांद्याचा उंचवटा सैनिकाच्या खांद्यापासून हनुवटीपर्यंत कुठेही आला, तर घोडा योग्य मापाचा आहे. तो शिरस्त्राणाच्याही वर जात असेल, तर दुसऱ्या कंपनीचे घोडे पाहावेत. स्वार आणि घोडे वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले तरी हरकत नाही, मात्र खोगिराची रुंदी आणि स्वाराच्या मांड्यांमधले अंतर जुळते का, हे आधी तपासावे.

चालीकडे पाहण्याची सवय लावून घेतली, तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतात. चालताना घोडा पाय एकेक करून उचलतो. दुडकी चालीत समोरासमोरचे तिरपे पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकत्र पडतात. भरधाव धावताना चारही पाय जमिनीवरून सुटण्याचा क्षण असतो खरा, पण तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. हे एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये काढलेल्या छायाचित्रांमुळे निर्विवाद सिद्ध झाले. पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला, हवेत तरंगणारा घोडा जुन्या चित्रांत आणि अजूनही काही मिनिएचरमध्ये दिसतो, तो खऱ्या घोड्याला शक्य नाही. प्लॅस्टिकच्या संचात धडाचे डावे आणि उजवे अर्धे भाग वेगवेगळे येतात आणि त्यांवर जोडीचे क्रमांक असतात. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात, तिच्यावरून कापण्याआधीच प्रत्येक जोडी ओळखून ठेवावी, कारण एका घोड्याचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा भाग जोडला, तर सांधा बसला तरी चाल बिघडते. वैविध्य हवे असेल तर डोकी बदलावीत, मान किंचित वळवावी, शेपटीचा कोन बदलावा. धडाशी खेळू नये.

मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा एकटा सुंदर दिसतो, परंतु तुकडीत तो शेजाऱ्याच्या भाल्यात अडकतो आणि त्याचे सारे वजन दोन बारीक घोट्यांवर येत असल्याने तो लवकर मोडतो. सेनापतीसाठी असा एखादा पुरे.

कापणे, घासणे, जोडणे

धातूची मिनिएचर असेल, तर घासताना मास्क लावावा, धूळ फुंकून उडवू नये आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण जुन्या ओतकामात शिसे असू शकते. रेझिनची धूळही श्वासात जाऊ नये, म्हणून ते ओले करून घासणे उत्तम. धातू आणि रेझिन दोन्ही कोमट साबणपाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने धुऊन पूर्ण वाळवावेत. साच्यातले तेलकट द्रव्य अंगावर राहिले, तर प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही.

साच्याची रेघ, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली कड, घोड्यावर नेमकी कुठे लपते, हे माहीत असणे आवश्यक आहे. ती सहसा कपाळावरून नाकापर्यंत, अयाळीच्या कण्यावरून, पाठीच्या मध्यातून शेपटीपर्यंत, पोटाखालून आणि प्रत्येक पायाच्या पुढच्या व मागच्या कडेने जाते. पाठीवरची रेघ खोगिराखाली दडते, पण पायांवरची आणि नाकावरची रेघ रंग चढल्यावर अधिकच उठून दिसते. पाते कापण्यासाठी न धरता जवळजवळ काटकोनात उभे धरून हलक्या हाताने खरवडावे, मग बारीक कानशीने गोलाई परत आणावी. पायाची गोलाई राखणे महत्त्वाचे. तेथे सपाट पट्टा पडला, तर पाय लाकडी वाटतो. अयाळीत कानस चालवू नये. तिथे पात्याच्या टोकाने केसांच्या दिशेने नवीन खाचा काढणे बरे.

प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या भागांना प्लॅस्टिक सिमेंट दोन्ही बाजूंना लावून घट्ट दाबले, की सांध्यातून वितळलेले प्लॅस्टिक बारीक मण्यासारखे बाहेर येते. ते पुसू नये. पूर्ण वाळू द्यावे आणि मग खरवडावे. फट आपोआप भरलेली मिळते. छातीवरची आणि पुठ्ठ्यांमधली फट तरीही उरली, तर दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी ओल्या बोटाने भरावी. धातूच्या घोड्याच्या मानेच्या किंवा शेपटीच्या सांध्यात हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने भोक पाडून तारेचा तुकडा बसवावा, केवळ सुपरग्लूवर भिस्त ठेवू नये.

स्वार या टप्प्यावर घोड्याला चिकटवायचा नाही. तो सुटा बसवून पाहायचा, घोड्याच्या पोटाशी पाय टेकतात का आणि रिकिबी पायाखाली येतात का, हे तपासायचे, आणि मग वेगळा काढून तारेच्या तुकड्याने बुचावर रोवून ठेवायचा. या काळातला नाइट खुर्चीवर बसल्यासारखा गुडघे वाकवून बसत नाही. लांब रिकिबींत पाय जवळजवळ सरळ आणि थोडे पुढे, पाठ खोगिराच्या उंच मागच्या कण्याला टेकलेली, अशी त्याची बैठक असते, आणि भाल्याचा धक्का त्याला मागे फेकू शकत नाही तो याच बैठकीमुळे. मिनिएचरचा स्वार खोगिरात वर तरंगत असेल, तर खोगिराचा मध्य किंवा स्वाराची बसण्याची बाजू थोडी थोडी घासून त्याला खाली बसवावे. दोन मिनिटांचे हे काम मिनिएचरचे रूप बदलते.

घोड्याचा रंग

इंग्लंडच्या राजांनी तेराव्या-चौदाव्या शतकांत आपल्या सैन्यातील घोड्यांच्या याद्या ठेवल्या होत्या. मोहिमेत घोडा मेला तर मालकाला भरपाई द्यावी लागे, म्हणून प्रत्येक घोड्याची किंमत आणि रंग नोंदवला जाई. १२९८ च्या फॉलकर्क मोहिमेच्या अशा याद्या छापून प्रसिद्ध झालेल्या आहेत. म्हणजे रंगांची विविधता ही आपल्या कल्पनेची चैन नाही. तुकडीतले सारे घोडे एकाच रंगाचे करण्याची पद्धत पुढच्या शतकांतल्या नियमित पलटणींची आहे. मध्ययुगीन तुकडीत प्रत्येक स्वाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे, आणि ते दिसले पाहिजे.

माझी वाटणी साधारण अशी असते: सर्वाधिक कुमाईत, म्हणजे तांबूस तपकिरी अंग आणि काळी अयाळ, काळी शेपूट, काळे पाय, त्यानंतर सुरंग, म्हणजे अंगाबरोबर अयाळही तांबूस किंवा त्याहून फिकी, त्यानंतर गडद तपकिरी, एखाददुसरा काळा, एक-दोन करडे आणि क्वचित एखादा पिवळसर. पांढराशुभ्र दिसणारा घोडा सेनापतीसाठी राखावा. अबलख घोडा फार आवडत असेल, तर तुकडीत एकच असू द्यावा, कारण नजर प्रथम त्याच्याकडे जाते आणि बाकीचे घोडे मागे पडतात.

काही नियम निसर्गाचेच आहेत आणि ते मोडले की घोडा खोटा वाटतो. कुमाईत घोड्याचे पाय गुडघ्यापासून खाली काळे असतात, त्यांवर पांढरे मोजे असतील तर तेवढाच भाग पांढरा. सुरंग घोड्याला काळी अयाळ नसते. पांढऱ्या पायाखालचे खूर फिके, शिंगासारख्या पिवळट रंगाचे असतात. गडद पायाखालचे गडद करडे. करडा घोडा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर फिका होत जातो, पण त्याची कातडी काळसरच राहते. म्हणून पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्याचेही नाक, ओठ आणि डोळ्यांभोवतीचा भाग गडद करडा ठेवावा. गुलाबी नाक फक्त तोंडावरचा पांढरा पट्टा नाकपुड्यांपर्यंत उतरला असेल तिथेच द्यावे.

तैलरंग पुसून काढण्याची पद्धत

घोड्यांसाठी मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत जुनी आहे: खाली फिका अॅक्रिलिक रंग, वर गडद तैलरंग, आणि मग तो तैलरंग पुसून काढणे. वॉश स्वतःच खोल जागी वाहतो आणि कुठेही थबकून डाग पाडतो. तैलरंग मात्र आपण जिथे ठेवू तिथेच राहतो आणि पुसताना त्याचा उरणारा पातळ थर केसाळ कातडीसारखा तुकतुकीत दिसतो.

प्राइमर फिका करडा किंवा पांढरा घ्यावा. कुमाईत घोड्यासाठी त्यावर उबदार, फिक्या चामड्यासारख्या रंगाचे दोन पातळ थर द्यावेत. रंग अंतिम घोड्यापेक्षा बराच उजळ आणि थोडा नारिंगी वाटला पाहिजे, नाहीतर शेवटी सगळे मळकट होते. हे रात्रभर वाळवून त्यावर अर्धचकचकीत अॅक्रिलिक व्हार्निशचा एक थर द्यावा. या थरामुळे तैलरंग गुळगुळीत पुसला जातो आणि खालच्या रंगाचे रक्षणही होते.

आता बर्न्ट अंबर तैलरंग कागदी पुठ्ठ्यावर काढून थोडा वेळ ठेवावा, म्हणजे जास्तीचे तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग जुन्या, ताठ केसांच्या ब्रशने, टर्पेंटाइन जवळजवळ न घालता, तो संपूर्ण घोड्यावर घोळवून लावावा. थर पातळ, पण सर्वत्र पोचलेला हवा: मांड्यांच्या आत, जबड्याखाली, मानेच्या घडीत. या टप्प्यावर घोडा चॉकलेटमध्ये बुडवल्यासारखा दिसतो. दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

पुसण्यासाठी मेकअपचा मऊ स्पंजाचा त्रिकोणी तुकडा घ्यावा. सुरुवात पुठ्ठ्याच्या सर्वांत फुगीर भागापासून करावी, कारण तिथे चूक कमी जाणवते आणि हाताला दाबाचा अंदाज येतो. स्पंज केसांच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे आणि वरून खाली असा ओढावा. पहिल्या ओढीत रंग निम्मा निघतो, दुसरीत खालचा उबदार रंग वर येऊ लागतो. खांद्याचा गोळा, पुठ्ठ्याचा वरचा भाग, मानेचा मध्य आणि गालाचे हाड हे उजळ राहिले पाहिजेत. कोपरामागची खाच, मांडी आणि पोट यांच्यामधली घडी, पोटाचा खालचा भाग आणि जबड्याखालची जागा गडदच सोडावी. प्रत्येक ओढीनंतर स्पंजाची स्वच्छ कड पुढे घ्यावी, नाहीतर काढलेला रंग परत लागतो. कुठे जास्त पुसले गेले, तर स्पंजावरचाच उरलेला रंग तिथे हलकेच टेकवावा. शेवटी कोरड्या, मऊ ब्रशने, ज्यावर रंग नाही, स्नायूंच्या कडा सौम्य कराव्यात.

हे काम खिडकी उघडी ठेवून करावे, आणि टर्पेंटाइनने भिजलेली फडकी बंद धातूच्या डब्यात ठेवावीत. रंगवलेले घोडे धूळ न बसणाऱ्या खोक्यात झाकून ठेवावेत. अंबरमध्ये मॅंगनीज असल्याने तो इतर तैलरंगांपेक्षा लवकर वाळतो, दोन-तीन दिवसांत हाताळण्याजोगा होतो. आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो, म्हणून गडद घोड्यासाठी तो अंबरमध्ये अगदी थोडाच मिसळावा. सुरंगासाठी नारिंगी थरावर बर्न्ट सिएना, पिवळसर घोड्यासाठी मलईच्या रंगावर रॉ अंबर, गडद तपकिरीसाठी विटकरी थरावर बर्न्ट अंबर, अशा जोड्या वापरल्या, की एकाच पद्धतीतून चार-पाच निराळे घोडे मिळतात.

तैलरंग वाळल्यावर कुमाईत घोड्याचे पाय काळपट तपकिरी अॅक्रिलिकच्या पातळ ग्लेझने, म्हणजे खालचे दिसू देणाऱ्या पारदर्शक थराने, रंगवावेत: खुरापासून सुरू करून गुडघ्यापर्यंत, आणि प्रत्येक पुढचा थर आधीच्यापेक्षा थोडा खाली थांबवून. अशाने काळा रंग अंगात विरघळत जातो. अयाळ आणि शेपूट काळपट तपकिरी करून वरच्या बटांवर थोडा करडा रंग ओढावा.

काळ्या आणि करड्या घोड्यांना ही पद्धत फारशी मानवत नाही. काळा घोडा शुद्ध काळ्याने रंगवू नये; अतिशय गडद तपकिरीपासून सुरुवात करून फुगीर भागांवर करडट तपकिरीची अगदी मोजकी उजळी द्यावी. करड्या घोड्यासाठी मध्यम करड्यावर फिके थर चढवत जावे, गुडघे, अयाळ आणि तोंड गडद ठेवावे, आणि पुठ्ठ्यावर चट्टे हवे असतील तर फिक्या रंगाचे बारीक, वेडेवाकडे ठिपके एकमेकांना न चिकटवता काढून त्यांवर पातळ फिका करडा ग्लेझ फिरवावा, म्हणजे ठिपके कातडीखाली गेल्यासारखे दिसतात.

कपाळावरचा ठिपका, नाकावरचा पट्टा आणि पायांतले मोजे सर्वांत शेवटी द्यावेत, शुद्ध पांढऱ्याने न देता किंचित मळकट पांढऱ्याने. डोळ्यात पांढरे दाखवू नये. खोल तपकिरी काळा रंग आणि वाळल्यावर चकचकीत व्हार्निशचा एक थेंब एवढ्याने डोळा जिवंत होतो. डोळे विस्फारलेला घोडा घाबरलेला वाटतो.

झूल आणि तिच्यावरची चिन्हे

झूल रंगवताना कातडीची पद्धत विसरून कापडाचा विचार करावा. कापडाची घडी छातीपासून आणि पुठ्ठ्यांपासून सुरू होऊन खाली रुंदावते. मूळ रंग, घड्यांमध्ये त्याच रंगाची गडद छटा आणि घडीच्या कण्यावर उजळ छटा, असा क्रम ठेवावा. आतल्या बाजूला अस्तर असते, त्याला वेगळा, साधा रंग द्यावा. पाय उचललेला घोडा वळवला की तेच अस्तर दिसते. खालच्या काठावर धुळीचा फिका तपकिरी रंग स्पंजाने टेकवून वर विरळ करत न्यावा.

चिन्हे काढताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, कुलचिन्हांच्या शास्त्रात सोनेरी आणि रुपेरी हे धातू मानतात, रंगवताना ते पिवळे आणि पांढरे चालतात. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग मानतात. आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवत नाहीत. इंग्लंडच्या राजाचे सोनेरी सिंह लालवर आणि फ्रान्सच्या राजाची सोनेरी लिलीची फुले निळ्यावर येतात ती याच नियमाने. जेरुसलेमच्या राज्याचा रुपेरीवरचा सोनेरी क्रूस हा प्रसिद्ध अपवाद. काल्पनिक सरदारासाठी चिन्ह योजताना हा नियम पाळला, तर ते लांबूनही वाचता येते, आणि नियमाचा व्यावहारिक फायदा हाच आहे.

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ढालीवरचा सिंह पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला तोंड करून असतो. घोड्याच्या डाव्या अंगाला तो तसाच काढला, की त्याचे तोंड घोड्याच्या डोक्याकडे येते, ते योग्य. उजव्या अंगाला मात्र तसाच काढला, तर सिंह शेपटीकडे पळताना दिसतो. म्हणून उजव्या बाजूची चिन्हे आरशातल्यासारखी उलटी काढावीत, म्हणजे दोन्ही अंगांवरचे प्राणी पुढेच चाल करतात. पाण्यात सुटणारे तयार स्टिकर वापरत असाल, तर संचात दोन्ही दिशांचे आहेत का, ते आधी पाहावे. ते लावण्यापूर्वी पृष्ठभाग चकचकीत व्हार्निशने गुळगुळीत करावा आणि घड्यांत बसवण्यासाठी स्टिकर मऊ करणारे द्रावण वापरावे. गुंतागुंतीचे चिन्ह हाताने काढताना आधी घडीच्या कण्यांवर त्याचे मुख्य बिंदू ठिपक्यांनी ठरवून घ्यावेत आणि मग ते जोडावेत. घड्यांमधून जाणारी रेघ सरळ न ओढता कापडाबरोबर आत-बाहेर न्यावी.

साज, पत्रा, लगाम

चामड्याचे पट्टे घोड्याच्या अंगापेक्षा स्पष्ट वेगळ्या छटेचे ठेवावेत. तपकिरी घोड्यावर तपकिरी पट्टे हरवतात, तिथे काळे किंवा लाल चामडे घ्यावे. श्रीमंतांच्या साजाला सोनेरी बटणे शोभतात, ती बारीक काडीच्या टोकाने टेकवावीत. पत्र्याच्या पाखरीला आणि तोंडावरच्या लोखंडी मुखवट्याला गडद धातुरंग, मग काळपट वॉश, आणि कडांवर फिका धातुरंग पुरेसा होतो. धातुरंग मॅट व्हार्निशने मंद पडतो, म्हणून तो व्हार्निश झाल्यानंतर शेवटी द्यावा. ओतकामातले लगाम बहुधा मानेला चिकटलेले, जाडजूड असतात. ते कापून टाकून पातळ कागदाच्या पट्टीला पातळ केलेला गोंद लावून नवे लगाम बनवले, तर स्वाराच्या हातापासून घोड्याच्या तोंडातल्या कडीपर्यंत ते खरोखर ओढलेले दिसतात.

तळपट्टी आणि तुकडीची मांडणी

एकेकट्या स्वारासाठी २५ बाय ५० मिमी तळपट्टी सर्रास वापरली जाते, पण ज्या नियमावलीने खेळणार ती आधी पाहून घ्यावी. चिकटवण्याआधी संपूर्ण तुकडी सुटी मांडून पाहावी. नाइट गुडघ्याला गुडघा लावून दाट रांगेत चाल करत, आणि २५ मिमी रुंदीत झूल घातलेला घोडा कसाबसा मावतो. त्यामुळे वळलेली डोकी, पसरलेल्या झुली आणि आडवे भाले एकमेकांवर आपटतात. ज्या घोड्याचे डोके डावीकडे वळले आहे, त्याला रांगेच्या डाव्या टोकाला जागा द्यावी. एक आड एक घोडा तळपट्टीवर दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे सरकवला, तरी बरीच जागा निर्माण होते. कुणाची जागा कोणती हे ठरले, की तळपट्टीच्या खाली क्रमांक लिहून ठेवावा, नाहीतर खेळाच्या दिवशी हे कोडे पुन्हा सोडवावे लागते.

तळपट्टीवर पुट्टी आणि वाळू लावताना घोड्याचे खूर जमिनीवर ठेवल्यासारखे न दिसता तिच्यात किंचित रुतलेले दिसावेत. ओतकामाबरोबर आलेली छोटी धातूची पट्टी पुट्टीने पूर्ण झाकून टाकावी. जमिनीचा जो रंग असेल, त्याच रंगाची धूळ पायांवर गुडघ्याखाली आणि झुलीच्या काठावर फिरवावी. त्यानंतर संपूर्ण घोड्याला मॅट व्हार्निश द्यावे आणि ते वाळल्यावर पुठ्ठ्याच्या वरच्या भागावर आणि मानेवर अर्धचकचकीत व्हार्निश अगदी पातळ फिरवावे, कारण निकोप घोड्याची कातडी कधीच कापडासारखी निस्तेज नसते. हे सारे झाल्यावर बुचावरचा रंगवलेला स्वार खोगिरात चिकटवावा, लगाम त्याच्या मुठीत अडकवावा, आणि मिनिएचर उचलताना यापुढे भाला किंवा घोड्याची मान न धरता नेहमी तळपट्टीच धरावी.